कारण तिला ठाऊक आहे

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

नोटीस आली. तीही घरी नाही, प्रयोगशाळेच्या पत्त्यावर! मातीच्या नमुन्यांच्या पिशव्यांबरोबर शिपायानं टेबलावर ठेवली. मला वाटलं, कुठल्या तरी शेतकऱ्याचा अर्ज असेल, म्हणून बाजूला सारली. जेवणाच्या सुट्टीत उघडली. तलाठ्याची नोटीस. बिडकीनची जमीन मयत पुंजाराम यांच्या नावावरून मुलगा रामहरी याच्या एकट्याच्या नावावर लावायची आहे, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. सोबत मृत्युपत्राची प्रत.

मृत्युपत्र? अण्णांनी मृत्युपत्र केलं होतं हेच मला आज कळतंय. नोव्हेंबरात ते गेले. तेराव्याला मी तिथंच होते, वहिनीबरोबर पंगती वाढत होते. दादा समोरून चार वेळा गेला. कोणी अक्षर काढलं नाही.

प्रत तीन पानी. दोन पानं सरळसरळ दस्तलेखकाची – मी शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली नसून, वगैरे. चार एकर मोसंबी, विहीर, मळ्यातलं घर, सगळं मुलगा रामहरी यास. आणि तिसऱ्या पानावर शेवटी –

"माझी विवाहित मुलगी आवडा हिला मी या मिळकतीतून काहीएक देत नाही. कारण तिला ठाऊक आहे."

मला? मला काय ठाऊक आहे?

पुन्हा पुन्हा वाचलं. बाकीचा मजकूर कोणाचाही असू शकतो, पण हे शेवटचं वाक्य अण्णांचंच. ते असंच बोलायचे, तोडून. समोरच्याला उरलेलं कळतंय असं धरून चालायचे.

रडू यायला हवं होतं. आलं ते दुपारी चारला, नमुने भट्टीत ठेवताना, आणि तेही थोडंच. त्याहून जास्त डोक्यात किडा वळवळतोय – हे कारण आहे तरी काय?

१२ फेब्रुवारी

शिवराज कंपनीतून घरी आला. बूट काढता काढता त्यानं वाचलं.

"मुलीला जमीन दिली नाही. यात नवीन काय आहे?"

"नवीन नाही. पण कारण?"

"कारण काय असणार. मुलगी आहेस."

एवढंच असतं तर अण्णांनी ते लिहिलं नसतं. आमच्याकडं त्याला कारण म्हणत नाहीत, ते असंच असतं.

मातीचा नमुना कमी करायची एक रीत आहे. गोळा केलेली सगळी माती कागदावर गोल पसरायची, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेली पुन्हा पसरायची, पुन्हा दोन भाग टाकायचे. असं करत शेवटी अर्धा किलो उरते, ती तपासायची. आज सकाळी नमुने यायच्या आधी कारणांचं तेच केलं. माझं लग्न – अण्णांनीच जमवलं. टाका. शिवराजशी कधी वाजलं? छे, जावयावर माझ्यापेक्षा जास्त जीव. टाका. आई आजारी असताना मी आले नाही? तीन महिने बिनपगारी रजा काढून उशाशी बसले होते. टाका. एकोणीस साली मी म्हटलं होतं की मातीत चुनखडी फार आहे, ही मोसंबी टिकणार नाही, काढून टाका. तेव्हा रागावले होते खरे. आठवडाभर फोन नाही. पण दिवाळीला मातीची पिशवी आलीच तपासायला.

कागदावर काही उरलंच नाही.

१८ फेब्रुवारी

दादाला फोन केला. म्हटलं, जमिनीचं राहू दे, मला फक्त कारण सांग.

मागं पंपाचा आवाज. मग –

"तू मला इचारतीस?"

आणि ठेवून दिला.

मी दिवसभर तो आवाज उलटसुलट करून बघतेय. रागाचा नव्हता. मिरवण्याचा तर नाहीच. दुखावलेल्या माणसाचा होता. पण दुखावलेला तो कसा? चार एकर त्याला आणि दुखणंही त्यालाच!

२४ फेब्रुवारी, सोमवार

अदालत रोडला वकिलाकडे गेले. सायली नाव, वय तीसच्या आत, टेबलाखाली स्कूटरचं हेल्मेट. तिनं मृत्युपत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, जमीन वडिलोपार्जित का? म्हटलं, नाही. आमचं घर मेंढरं राखणारं. जमीन अण्णांनीच घेतली, मेंढरं विकत विकत, एकेक तुकडा.

"मग अवघड आहे. स्वतः घेतलेली जमीन कोणालाही देता येते. मृत्युपत्रच पाडावं लागेल. एक तर दबाव होता म्हणायचं, नाही तर डोकं ठिकाणावर नव्हतं. हे शेवटचं वाक्य आपल्या फायद्याचं आहे, मॅडम. शुद्धीतला माणूस असं लिहितो का?"

"आमचे अण्णा असंच बोलायचे."

"हे बाहेर कोणाला सांगू नका."

मी हसले. तीही हसली. मग तिनं विचारलं, तुम्हाला जमीन हवी की कारण? म्हटलं, कारण. ती म्हणाली, कारणासाठी कोणी केस करत नाही. मी विचारलं, हरकत घेतली तर मंडळ अधिकाऱ्यासमोर सुनावणी होईल ना? मृत्युपत्राच्या साक्षीदाराला बोलावतील ना? मग तो सांगेल.

ती माझ्याकडं बघत राहिली. बहुतेक मनात फी वाढवत होती.

इथं वाचणारं कोणी नाही, तर खरं लिहिते – जमीनही हवी आहे. बिडकीनला कारखाने आल्यापासून तिथल्या मातीला काय भाव आलाय ते मला ठाऊक आहे. पण त्याहूनही, त्या मळ्यातल्या प्रत्येक वाफ्याची माती माझ्या हाताखालून गेलीय. ती परकी म्हणायची कशी?

२५ फेब्रुवारी

हरकत दाखल. सही एका दमात झाली, याचंच नंतर वाईट वाटलं.

१० मार्च, सोमवार

प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना अण्णांची पिशवी सापडली. शेवटच्या दिवाळीतली. त्यांच्या जुन्या पटक्याच्या कापडाची, तोंडाला सुतळी. आत चिठ्ठी, अक्षरं लोंबणारी – "विहिरीजवळ. आवडीला." पुढं दोन आठवड्यांत ते गेले आणि मी ही पिशवी विसरले.

आता गंमत बघा. मृत्युपत्रावर तारीख मे दोन हजार बावीसची. ही पिशवी चोवीसच्या दिवाळीतली. म्हणजे मला वगळल्यानंतरही तीन दिवाळ्या अण्णा मला माती पाठवत होते. वर दादाबरोबर निरोप – आवडीनं तपासल्याशिवाय खत टाकायचं नाही.

रागावलेला माणूस माती पाठवतो का?

नमुना वाळायला पसरलाय. बघू.

९ एप्रिल, बुधवार

बिडकीनला पहिली तारीख. कडूबा काका आलेच नाहीत. ते मृत्युपत्राचे साक्षीदार, अण्णांचे जन्माचे सोबती, ऐंशीच्या घरात आहेत आणि अजून मेंढरामागं फिरतात. कळपाबरोबर लांब गेलेत म्हणे. पुढची तारीख मेमध्ये.

ऑफिसच्या व्हरांड्यात एका बाकावर दादा-वहिनी, समोरच्या बाकावर मी आणि सायली. दुपारी वहिनीनं डबा उघडला – बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेथी – आणि काही न विचारता एक भाकरी माझ्या हातावर ठेवली. सायलीच्या हातावर पण! सायली म्हणाली, मॅडम, समोरच्या पार्टीचं खायचं का? म्हटलं, खा, चटणी चांगली असते तिची.

निघताना दादा पहिल्यांदा माझ्याशी बोलला. मान खाली, चपलेनं माती उकरत.

"देवाला तरी भ्यायचं, आवडे."

देवाला? यात देव कुठून आला?

२२ एप्रिल

सायलीचा मसुदा वाचला. "मयत हे वार्धक्यामुळे भ्रमिष्ट झाले होते." मी ते वाक्य खोडलं. ती म्हणाली, हे गेलं तर आपल्याकडं काही उरत नाही. म्हटलं, नाही उरलं तर नाही उरलं. जो माणूस शेवटच्या महिन्यात फोनवर मला कोणत्या ओळीतलं कितवं झाड पिवळं पडलंय ते सांगत होता, त्याला मी वेडा ठरवू?

६ मे, मंगळवार

प्रांजलीचा फोन. दादाची मुलगी. बारावीला ब्याऐंशी टक्के! भांडण भावाशी आहे, भाचीशी नाही, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलंय. हळू आवाजात बोलत होती.

"आत्या, मला पुण्याला जायचंय शिकायला. पप्पा बघू म्हणतेत. सत्यम म्हणतो, बघू म्हणलं म्हंजी नाय."

सत्यम तिचा थोरला भाऊ, दादाच्या हाताखाली मळा बघतो. म्हटलं, धीर धर, मी बोलले असते गं, पण सध्या तुझे पप्पा माझ्याशी देवाशिवाय काही बोलत नाहीत.

ती हसली. मला तिच्यासारखं फोनवर पुण्याला जायचंय म्हणता आलं नव्हतं. मी फक्त निकालाचा कागद अण्णांच्या पुढ्यात ठेवला होता.

१४ मे, बुधवार

आज कळलं.

कडूबा काका आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अंगाला मेंढरांचा वास. मंडळ अधिकाऱ्यांनी मृत्युपत्र दाखवून विचारलं, हा अंगठा तुमचाच का?

"माझाच. दुसऱ्याचा कशाला आसंल."

"मयतांनी मुलीला का वगळलं, तुम्हाला काही बोलले होते?"

काका वळून माझ्याकडं बघत राहिले. जरा नवलानंच.

"सायेब, तिलाच इचारा की. तिनंच भंडार उचलला हुता."

"कसला भंडार?"

"साताऱ्याच्या खंडोबाचा. ही धाव्वी पास झाली तवा. पुंजारामाच्यानं दोघांची शाळा व्हईना. तवा देवाम्होरं वाटणी झाली – शाळा हिला, मेंढरं आन् त्यातनं व्हईल ती जमीन रामहरीला. दोघा पोरांनी भंडार उचलला. पुंजारामाला तर कागुद पण नको हुता. सुनंनं लई मागं लागून करून घेतला."

"ही गोष्ट आधी कोणी बोललं कसं नाही?"

"देवाम्होरं झालेलं परत परत बोलत नसतेत, सायेब."

साहेबांचं पेन थांबलं. असल्या गोष्टीला त्यांच्या कागदात रकाना नसणार. दादा खिडकीबाहेर बघत होता. सायली माझ्या कानात – मॅडम, खरं आहे हे?

शहरालगतच्या सातारा गावातल्या खंडोबाचा भंडार, म्हणजे हळद, हातात घेऊन दिलेला शब्द. आमच्यात तो परत घेता येत नाही, हे मला शिकवावं लागत नाही. मेंढरू चोरीला गेलं, बांधावरून वाजलं, की भंडार उचल म्हणतात आणि खोटं बोलणारा तिथंच गळपटतो. असा शब्द मी दिला आणि विसरले?

मी म्हटलं, मला आठवत नाही. स्वतःच्याच कानाला ते खोटं वाटलं.

१५ मे

सुट्टी टाकली. आठवत बसले.

साताऱ्याला गेलो होतो, हे खरं. जून त्र्याण्णव. मी पंधरा वर्षांची. आई मेंढरांपाशी थांबली होती. अण्णा, दादा, द्वारकाआत्या आणि मी. मला वाटलं होतं, पास झाले म्हणून देवदर्शन. अण्णांनी गोडीशेव घेऊन दिली होती, वर्तमानपत्राच्या पुडीत, पाकानं कागद पारदर्शक झालेला.

आणि चपला. चपला मला स्पष्ट दिसतात. अण्णांच्या टायरच्या वहाणा, दादाची निळ्या पट्ट्याची स्लीपर, आत्याची टाच झिजलेली. पायरीखाली एका ओळीत लावलेल्या, आणि मी त्यांच्याशेजारी बसलेली.

मंदिराच्या आतलं काहीच आठवत नाही. हळद नाही, घंटा नाही, देव नाही.

मी चपला राखत बसले होते. मग भंडार कधी उचलला?

१८ मे, रविवार

छावणी भागात गेले, द्वारकाआत्याकडे. अण्णांची धाकटी बहीण, आता मुलाजवळ असते. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि ती छत्रीखाली काठी घेऊन कावळे हाकत बसलेली. मला पुढ्यात बसवलं. तळलेल्या कुरडयांची ताटली हातात दिली. मी सरळच विचारलं.

"आत्या, साताऱ्याला मी भंडार उचलला होता का गं?"

काठी थांबली.

"कोण इचारतंय?"

"मीच."

"तू कशी उचलशील? तुला अडचण आलती त्या दिशी. पायरी कशी चढू द्यावं तुला. चपला राख म्हणून बसवलं की खाली."

"मग कोणी उचलला?"

"म्या. तुझ्या नावानं."

असं म्हणाली, जसं माझ्या नावचं दूध घेऊन ठेवलं होतं! मग काठी मांडीवर ठेवून बाकीचं बोलली.

"पुंजा म्हणला, पोरीला ठाऊक हाये न्हवं? म्या म्हणलं, व्हय. म्हणलं, खाली उतरलो की सांगू. खाली आलो तर तू गोडीशेव खात बसलेली. तोंडाला पाक, आन् लई खूश. म्हणलं, आज नको, उद्या सांगू. उद्या तू हॉस्टेलला गेलीस. मग म्हणलं, सुट्टीत येईल तवा. मग लगीन निघालं, लग्नात असलं कोण सांगतंय. मग तुझी आई गेली. मग मला वाटलं, कुणी तरी सांगितलं आसंल."

राग आला. खूप आला. पण ताटली हातात, समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, आणि तेवढ्यात कावळ्यानं एक कुरडई पळवली. ती उठली त्याच्यामागं. मी ताटली खाली ठेवून जिना उतरले. परत वर गेले, तिच्या पाया पडले आणि मग निघाले.

अण्णांना एकतीस वर्षं वाटत राहिलं की मला सगळं माहीत आहे. मी शब्द दिलाय आणि मुकाट्यानं पाळतेय. आईलाही तेच वाटलं असणार. म्हणून दिवाळीला मातीची पिशवी. म्हणून फोनवर पिवळ्या झाडांच्या गोष्टी. ते माझ्यावर रागावले नव्हतेच. माझं कौतुक करत होते! आणि मी कशाचं कौतुक चाललंय हे न कळता ते घेत राहिले.

१९ मे

आज अण्णांची माती तपासली. चुनखडी अकरा टक्के. मी एकोणीस साली म्हणाले तेच बरोबर होतं. सांगायला कोणी नाही.

१ जून, रविवार

सांगायला दादा आहे. अहवाल घेऊन मळ्यात गेले. सायलीला कळवलं नाही, तिनं जाऊ दिलं नसतं.

दादा विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेच्या जुन्या दगडी कुंडीवर, बसला होता. मी कागद दिला. त्यानं तो हातात धरून सरळ वाचला – सेंद्रिय कर्ब, चुनखडी, सामू, सगळं, बोट न फिरवता. मग मी आत्याचं सांगितलं. चपलांचं, गोडीशेवेचं, सगळं.

त्यानं कागदाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"तुला ठावं नव्हतं?"

"नाही."

"मला वाटायचं, तू इसरल्याचं सोंग करतीस. दर राखीला यायचीस, हसायचीस, मोसंबी न्यायचीस. म्हणलं, कशी साधी ऱ्हाती बघा, शब्द दिल्याचं दाखवत पण नाय. मग हरकत घेतलीस. तवा म्हणलं, ही खंडोबाला पण भीत नाय."

तो विहिरीत बघत होता. मी पण. पाणी लई खाली गेलंय.

"मला गणितात सत्त्याण्णव हुते धाव्वीला. तुला किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"ठावं हाये मला."

दादा तेव्हा पैठणला अकरावी सायन्सला होता. मी हे विसरले नव्हते, पण त्याकडं कधी बघितलं नव्हतं. त्यानं कॉलेज सोडलं, हे मला वाटायचं त्याला आवडत नव्हतं म्हणून. विचारलं, मग अण्णांनी तुला का नाही शिकवलं?

"अण्णा म्हणले, पोरीला मेंढरामागं रानोमाळ कशी धाडू? पोराला धाडता येतं."

"तू 'नाही' का म्हणाला नाहीस?"

"भंडार हातात दिल्यावर कोण नाय म्हणतंय, आवडे?"

मला रडू आवरेना. माझं तोंड गोडीशेवेनं भरलं होतं तेव्हा वर माझ्या भावाच्या हातात हळद देऊन त्याचं कॉलेज काढून घेत होते, आणि मी खाली त्याची निळी स्लीपर राखत होते. मी म्हटलं, दादा, मला सांगितलं असतं ना, तर मीसुद्धा उचलला असता. पंधराव्या वर्षी शाळेसाठी मी काहीही उचललं असतं. चूक एवढीच झाली की मला बाहेर ठेवलं.

त्यानं अहवालाची घडी खिशात घातली. मग मान हलवली.

"व्हय. पोरीला आत न्यायला पायजे हुतं. तिच्या हातानं व्हायला पायजे हुतं."

निघताना त्यानं बांधावरच्या आंब्याचे पिशवीभर आंबे गाडीला बांधले. गाठ नीट बसलीय का ते दोनदा ओढून बघितलं, अण्णांसारखंच.

४ जून

ठरवलं. हरकत मागं घ्यायची. १८ तारखेला सुनावणी आहे, त्या दिवशी अर्ज द्यायचा. शिवराज म्हणाला, तुझी जमीन, तुझा भाऊ, मी फक्त आंबे खाणार.

सायलीनं मात्र फाइल मिटली. मग म्हणाली –

"कारण मिळालं म्हणजे."

"मिळालं. दादाचं कॉलेज गेलं त्यात. त्याची जमीन त्याला राहू दे."

"मॅडम, पंधराव्या वर्षी न उचललेला भंडार तुम्ही सत्तेचाळिसाव्या वर्षी उचलताय."

तिला उसाचा रस पाजला आणि घरी आले.

पण आज बरं वाटतंय. अण्णांचं वाक्य आता खरं झालं. कारण मला ठाऊक आहे.

९ जून

सायलीचं बोलणं डोक्यातून जात नाही. भात करपला.

१५ जून, रविवार

सकाळी पावणेसातला प्रांजलीचा फोन. मोरीतून बोलत होती, नळ सोडून.

"आत्या, पुण्याला धाडतो म्हणले पप्पा! पण आधी साताऱ्याला जायचंय, आत्ताच. मी आन् सत्यम. भंडार उचलायचा म्हणं – शिक्षण मला, वावर सत्यमला. पप्पा म्हणतेत, आवडीच्या येळी पोरीला बाहेर ठेवलं ती चूक झाली, या येळी पोरीच्या हातानंच करायचं. आत्याच म्हणली तसं. तू म्हणलीस का?"

म्हणाले होते.

"मी कायपण उचलीन आत्या. मला फक्त जाऊ दे."

सायलीला निरोप पाठवला – हरकत मागं घेत नाही, तो भंडार मी उचलणार नाही. शिवराज गाडी काढतोय. प्रांजलीला सांगितलंय, मी येईपर्यंत पायातल्या चपला काढायच्या नाहीत.